मामालाहारातील पोढ्या

मावळ या नावाची एक व्युत्पत्ती सर्वांना ठाऊक आहे. सूर्य ज्या बाजूला मावळतो तो प्रदेश म्हणजे मावळ. अर्थ सुरेख आहे, आणि लोकांच्या जिभेवर तो रुळलेलाही आहे. परंतु कार्ल्याच्या लेण्यातील प्राकृत लेखांत ‘मामाड’, ‘मामालाहार’ अशी नावे येतात. ‘आहार’ म्हणजे प्रशासकीय विभाग. मामाल येथील अमात्याला राजा आज्ञा देतो, असे एका लेखात स्पष्ट म्हटले आहे. मावळ हे नाव या मामालाचेच वंशज असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यांचे म्हणणे खरे असेल, तर शिवकालाशी आपण जोडून टाकलेले हे नाव त्याहून निदान दीड हजार वर्षांनी जुने ठरते.

ही गोष्ट आरंभीच सांगण्याचे कारण असे, की मावळ पाहायला येणारे बहुतेक जण तो वाचत नाहीत. भुशी धरण, कार्ल्याची एकवीरा, लोहगड आणि परतीच्या वाटेवर चिक्कीचे दुकान, एवढ्यात मावळ आटोपतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. लोहगड त्यांपैकी एक. त्याचा आनंद आहेच. पण एका स्थळावर प्रकाशझोत पडला, की शेजारची स्थळे अधिकच अंधारात जातात. त्या शेजाऱ्यांकडे येथे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे, आणि ते वेधताना एकच धागा हाती धरावयाचा आहे. तो धागा पाण्याचा.

तळेगाव दाभाडे स्थानकाच्या उत्तरेस, इंद्रायणीच्या खोऱ्यात वराळे हे गाव आहे. प्रेक्षणीय स्थळांच्या कोणत्याही यादीत ते सापडणार नाही. आज त्याची ओळख महाविद्यालये आणि औद्योगिक वसाहतीचा शेजार अशी आहे. मात्र वराळे मुक्कामाला धरले, तर मावळातील निम्म्याहून अधिक प्राचीन लेख एकेका दिवसाच्या अंतरात येतात. पश्चिमेकडे कामशेतच्या परिसरात पाले आणि बेडसे, त्यापुढे भाजे आणि कार्ले. आग्नेयेस घोरावडेश्वराचा, म्हणजे शेलारवाडीचा डोंगर.

पाल्यापासून आरंभ करावा. येथील लेणे लहान आहे आणि तेथे कोरीव सौंदर्य म्हणावे असे फारसे नाही. परंतु अर्हंतांना नमन करून सुरू होणारा एक ब्राह्मी लेख तेथे आहे. ह. धी. सांकलिया आणि शोभना गोखले यांनी तो प्रसिद्ध केला. अक्षरवाटिकेवरून तो इसवी सनापूर्वीचा मानला जातो, आणि महाराष्ट्रातील जैन धर्माचा सर्वांत जुना पुरावा म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्याचा मजकूर अगदी साधा. भदंत इंदरखित याने लेणे करविले आणि पोढी करविली. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. ‘लेण’ हा शब्द आपल्या ‘लेणे’मध्ये जिवंत राहिला, पोढी मात्र आपल्या भाषेतून वाहून गेली.

भाज्याला जाणारे लोक चैत्यगृह पाहतात, सूर्याचे शिल्प पाहतात, स्तूपांचा समूह पाहतात. तेथील एका टाक्यावरचा लेख क्वचितच कोणी पाहतो. कोसिकीपुत्र विण्हुदत नावाच्या महारठीने ते टाके दान दिले आहे. बेडशाला तर याहून बोलका लेख आहे. हे लेणे पूर्वाभिमुख असल्याने सकाळच्या उन्हात पाहावे. त्याच्या दर्शनी खांबांवरील प्राणी आणि स्वार यांची कार्ल्याशी तुलना करण्याचा मोह होतो, आणि तो अनाठायी नाही. परंतु तेथेही एक टाके आहे, आणि त्यावर एका स्त्रीचे नाव आहे. सामडिनिका. ती महाभोजाची कन्या, अपदेवणकाची पत्नी, स्वतः महादेवी आणि महारठिनी. दोन सत्ताधारी घराणी जोडणारा विवाह आपल्याला कळतो तो एका पाण्याच्या टाक्यामुळे. ‘महारठी’ या शब्दाचे ‘मराठा’, ‘महाराष्ट्र’ या शब्दांशी नाते काय, याची चर्चा शतकभर चालू आहे. त्या चर्चेत या महारठिनीचे स्मरण सहसा होत नाही, हे नोंदविण्याजोगे आहे.

शेलारवाडीच्या डोंगरावर आता महादेवाचे स्थान आहे. श्रावणात आणि महाशिवरात्रीला तेथे गर्दी होते. एरवी चढ शांत असतो. येथील एका लेखात लेणे दान करणारी आहे सिअगुतणिका. तिचा पती उसभणक हा धेनुकाकटाचा रहिवासी. त्याला ‘कुडुबिक’ आणि ‘हालकिय’ म्हटले आहे. हालकिय म्हणजे नांगरधारी. दानात मुलगा नंद गृहपती हाही सहभागी आहे. ‘कुणबी’ हा शब्द ‘कुटुंबिन्’पासून आला असे मानतात. ते ध्यानात घेतले, म्हणजे या ओळीचे मोल कळते. राजा नाही, सेनापती नाही; एका शेतकऱ्याच्या बायकोने डोंगर कोरून घेतला आणि स्वतःचे नाव अक्षरांत ठेवले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभ कोठून करावयाचा, हा वाद आपण वर्गात घालतो. या प्रदेशातील सामान्य स्त्रीच्या नावाचा लिखित इतिहास कोठे सुरू होतो, हा प्रश्न आपण विचारीत नाही. त्याच्या उत्तरासाठी हा डोंगर चढावा लागेल.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की प्राचीन काळ म्हणजे दातृत्वाचा सुवर्णकाळ होता. आम्हांस तसे म्हणावयाचे नाही. कार्ल्याचेच लेख त्याविरुद्ध साक्ष देतात. नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक येथील भिक्षूंसाठी करजिक हे गाव दिले. पुढे क्षहरातांचा पाडाव झाल्यावर सातवाहन राजाने तेच गाव त्याच भिक्षूंना पुन्हा दिले, तेच मामालच्या अमात्याला दिलेल्या आज्ञेने. दोन वैऱ्यांनी एकच गाव दान केले. करजिकातील नांगरधाऱ्यांना त्याविषयी काय वाटले, याची मात्र एकही ओळ नाही. टाके खोदणाऱ्याने आपल्याजवळचे दिले. गाव देणाऱ्याने इतरांच्या श्रमाचे फळ दिले. दगडावर मात्र दोन्हीला ‘दान’च म्हटले आहे.

हा भेद आजही शिळा झालेला नाही. गो. नी. दांडेकर यांचे वास्तव्य तळेगावात होते. तुंग किल्ल्याच्या परिसरातील त्यांची ‘पवनाकाठचा धोंडी’ ही कादंबरी ज्या खोऱ्यात घडते, ते धरणापूर्वीचे खोरे आहे. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या पवना धरणाने त्या काठाचे रूप बदलले. गावे उठली, शेते बुडाली. पुढे याच धरणाचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेला मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने तीन जणांचे प्राण गेले. त्यांत एक स्त्री होती. पर्यटक ज्या तलावाकाठी तंबू ठोकून चांदणे पाहतात, त्या पाण्याला हा इतिहास आहे.

आणि इंद्रायणीला तिचा. शेलारवाडीच्या पायथ्याच्या बाजूला कुंडमळा येथे नदीने खडकात रांजणखळगे कोरले आहेत. हजारो वर्षे पाण्याबरोबर फिरणाऱ्या गोट्यांनी घडविलेले हे शिल्प कोणत्याही लेण्याइतके पाहण्याजोगे आहे. १५ जून २०२५ रोजी तेथील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जणांना मृत्यू आला. एखादे स्थळ प्रसिद्ध होते, पण त्याची देखभाल प्रसिद्धीबरोबर येत नाही. म्हणूनच अप्रसिद्ध स्थळांविषयी लिहिताना आमचा हात थोडा आखडतो. गर्दी वाढावी असा या लेखाचा हेतू नाही. वाचक वाढावेत असा आहे.

दा. ध. कोसंबी यांनी १९६२ च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’मध्ये याच परिसरातील लेणी, मातृदेवता आणि जुन्या पायवाटा एकत्र वाचण्याची रीत घालून दिली. ती रीत वापरण्यास ग्रंथालय पुरेसे नाही, पाय लागतात. साहित्याच्या शिक्षकांनी एखाद्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन या डोंगरांवर जावे. लेखांचे छापील वाचन हाती ठेवावे, अक्षर अक्षराशी ताडून पाहावे, भिंतीला हात मात्र लावू नये. कोणी दिले, कोणाचे दिले आणि कोणासाठी दिले, हे तीन प्रश्न प्रत्येक लेखाला विचारावेत. सिअगुतणिकेच्या लेखापासून त्याचा आरंभ करावा.