वाढत्या घराची कुळकथा

गरिबानं घर एका दमात कधीच बांधलेलं नाही. आपल्याकडे गावात घर खणांत मोजायचे. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. आधी दोन खणांचं घर उभं राहायचं, थोरल्याचं लग्न ठरलं की पडवी बंद करून खोली काढायची, पीक बरं आलं की मागे आणखी एक खण. माती शेजारच्या शेतातली, वासे मोडलेल्या घराचे. काही पाडायचं नाही, काही फेकायचं नाही. शहरात आल्यावर मात्र घर एकदम, पुरं, चावीसकट घ्यायची वस्तू झालं आणि गरिबाच्या हाताबाहेर गेलं. हे वाढतं घर शहरात परत आणायची धडपड नव्वदहून अधिक वर्षं चालली आहे.

त्यातलं एक ठळक नाव बर्लिनचं. १९३२ साली, महामंदीच्या ऐन भरात, मार्टिन वाग्नर या नगररचनाकारानं ‘वाढतं घर’ या कल्पनेवर प्रदर्शन भरवलं. वॉल्टर ग्रोपियस, एरिक मेंडेलसोन, हान्स पोएल्झिग असे नामांकित वास्तुरचनाकार त्यात होते. आज परवडेल तेवढाच गाभा बांधायचा, पैसे येतील तसे त्याला कारखान्यात तयार झालेले भाग जोडायचे, अशी योजना. पुढच्याच वर्षी नाझी सत्तेवर आले. वाग्नरचं पद गेलं आणि पुढे त्याला देशही सोडावा लागला.

पोएल्झिगचा एक विद्यार्थी, ओटो क्योनिग्सबर्गर, नाझींपासून सुटून १९३९ साली म्हैसूर संस्थानात आला. स्वातंत्र्यानंतर तो केंद्र सरकारचा गृहनिर्माण संचालक झाला. फाळणीनं बेघर झालेली माणसं लाखांनी दिल्लीत येत होती, त्यांना झटपट छप्पर हवं होतं. उत्तर म्हणून जंगपुऱ्यात सरकारी घर-कारखाना उभा राहिला. हलक्या काँक्रीटच्या भिंतींचे फलक तिथे ओतायचे, जागेवर नेऊन जोडायचे. फलक तडकले, फुटले, संसदेत टीका झाली, कारखान्याचं घर लोकांपर्यंत पोचलंच नाही. १९५१ साली क्योनिग्सबर्गर भारतातून गेला. माझ्या मते या कुळकथेतलं हेच सर्वांत महत्त्वाचं वळण आहे. भिंत ही एकच गोष्ट अशी होती की जी गल्लीतला गवंडी आणि घरची माणसं मिळून स्वस्तात करू शकत होती, आणि सरकारनं नेमकी तीच कारखान्यात करायला घेतली.

चारेक वर्षांत हाच माणूस संयुक्त राष्ट्रांतर्फे गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात, चार्ल्स एब्रॅम्स या गृहनिर्माणतज्ज्ञाबरोबर गेला. तिथे लोक मातीच्या भिंती स्वतः उभारत होते, अडत होतं ते छतापाशी, कारण छताला रोख पैसा लागतो. म्हणून सुचवलेली योजना छतापुरत्या कर्जाची होती. भिंती तुम्ही उभ्या करा, मग छताला पैसे देऊ. जे कुटुंबाला स्वतःला जमत नाही तेवढंच बाहेरून द्यायचं, हे सूत्र इथे सरळ हाताला लागलं.

तिथून धागा पेरूत जातो. लिमाभोवतीच्या वस्त्यांत लोक चटयांच्या आडोशापासून सुरुवात करून हळूहळू पक्की घरं बांधत होते. जॉन टर्नर हा इंग्रज वास्तुरचनाकार ते बघत, त्यात काम करत तिथे राहिला आणि या लोकांना घर बांधता येतं, हे जगाला सांगत राहिला. साठच्या दशकाच्या अखेरीस पेरू सरकारनं संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं वाढत्या घरांसाठी ‘प्रेवी’ ही स्पर्धा घेतली. जगभरातून निमंत्रण गेलेल्यांत मुंबईचे चार्ल्स कोरिया होते.

कोरियांचं या विषयातलं सर्वांत मोठं काम आपल्या दारात आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी बेलापूरला घरं रचली, ती वसाहत आज आर्टिस्ट व्हिलेज म्हणून ओळखली जाते. सात घरं एका अंगणाभोवती, अंगण साधारण ८ मीटर बाय ८ मीटर. असे तीन गट मिळून २१ घरांचं मोठं मोकळं आवार, आणि त्याच रीतीनं पुढची पायरी. भूखंड ४५ पासून ७५ चौरस मीटरपर्यंत. म्हणजे मिळकतीत कितीही अंतर असलं तरी जमिनीत दुपटीचाही फरक नाही. खरी खुबी भिंतीत आहे. शेजाऱ्याबरोबर सामाईक भिंत जवळजवळ नाहीच, त्यामुळे मजला चढवायला कुणाची परवानगी मागायला नको. शेजाऱ्याच्या बाजूला खिडकी नाही, म्हणून त्याचं बांधकाम वाढलं तरी आपला उजेड जात नाही. संडास मात्र जोडीजोडीनं पाठीला पाठ लावून, म्हणजे नळाचा आणि गटाराचा खर्च वाटला जातो. बांधणी इतकी साधी की गावच्या गवंड्याला नकाशा समजावून सांगावा लागू नये. तिथली कित्येक मूळ घरं आता ओळखू येत नाहीत, काही पार नव्यानं बांधली गेली. वास्तुरसिक त्यावर हळहळतात. मला ते या रचनेचं यश वाटतं.

त्याच सुमारास इंदूरला वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींनी ‘अरण्य’ ही वसाहत आखली. सुमारे साडेसहा हजार भूखंड, आणि गरिबांतल्या गरिबाला मिळणार होतं जोतं, पाण्याची जोडणी, संडास-न्हाणी आणि जमल्यास एक खोली. कसं वाढवता येईल हे दाखवायला ८० घरं नमुन्यादाखल बांधली, बाकीचं लोकांवर सोपवलं. पुढे चिलीत इकिके शहरी अलेहांद्रो अरावेना यांच्या ‘एलेमेंतल’ संस्थेनं २००४ साली शंभरेक कुटुंबांना मुद्दाम अर्धं घर दिलं. पैसा होता कुटुंबामागे ७,५०० डॉलर, जमिनीसकट. त्यात त्यांनी स्वयंपाकघर, न्हाणी, जिना आणि शेजारच्या घरापासून वेगळं करणारी भक्कम भिंत बांधली आणि शेजारी घराएवढीच रिकामी जागा ठेवली. वस्ती शहराच्या मध्यातल्या मूळ जागेवरच राहिली, माणसांचे कामधंदे तुटले नाहीत.

आपल्याकडे पंतप्रधान आवास योजनेत २०१५ पासून लाभार्थ्यानं स्वतः बांधायच्या किंवा वाढवायच्या घराला टप्प्याटप्प्यानं मदत मिळू लागली. घानातल्या छतकर्जाचं रक्त त्यात वाहतं, असं मला वाटतं. पण अर्जाला जमिनीचा कागद जोडावा लागतो आणि झोपडीतल्या माणसाकडे नेमका तोच नसतो. मुंबईत त्याच्या वाट्याला येतं झोपडपट्टी पुनर्वसनाच्या टॉवरमधलं ३०० चौरस फुटांचं घर. मुलगा कर्ता झाला, सून आली तरी त्याला एक खण जोडता येत नाही, आणि लिफ्टचा खर्च दर महिन्याला भरावाच लागतो. याच मुंबईत १९८५ नंतर, जागतिक बँकेच्या मदतीनं, चारकोप आणि गोराईला आखलेले भूखंड आणि सोयी देऊन लोकांना घरं बांधू दिली होती. लोकांनी तिथे मजल्यावर मजला चढवला. त्या वस्त्यांचा अनुभव म्हाडाच्या गाठीशी आहे, बेलापूरचा सिडकोच्या. महामुंबईत नवी जमीन आखली जाईल तेव्हा तिचा एक ठरावीक हिस्सा जोत्यांसाठी, गटारासकट आणि कागदासकट, राखून ठेवायला हवा.