जीवकाचा प्रश्न आणि सहा वटवृक्षांचे विहार

चीन देशाने 1 एप्रिल 1992 पासून अंमलात आलेल्या कायद्यान्वये परदेशीयांना चिनी अपत्ये दत्तक घेण्याची मुभा दिली. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस, जवळच्या नातेवाइकांचा अपवाद वगळून, ही व्यवस्था बंद करण्यात आली. या अवधीत दीड लाखांहून अधिक मुले परदेशी गेली; त्यांत मुलीच बहुसंख्य होत्या. आमचे लक्ष या घटनेच्या एका लहानशा बाजूकडे वेधले गेले आहे. अपत्य हाती येण्यापूर्वीचे प्रतीक्षेचे दिवस हे पालक स्थलदर्शनात घालवीत, आणि त्या वाटेवर त्यांना बौद्ध विहार भेटत.

क्रम बहुधा ठरलेला असे. प्रथम बीजिंग : बादालिंगची भिंत, जुना राजप्रासाद, आणि कोणी योंगहेगोंग विहारात जात. तेथे चंदनाच्या एकाच खोडातून कोरलेली, भूमीवर 18 मीटर उंच अशी मैत्रेयाची मूर्ती आहे. मैत्रेय म्हणजे पुढे येणारा बुद्ध. वाट पाहणाऱ्यांनी त्याच्यासमोर उभे राहावे, हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो. नंतर प्रांताच्या राजधानीत अपत्याची भेट होई. अमेरिकेच्या पालकांना शेवटी व्हिसासाठी ग्वांगझौ येथे यावेच लागे, आणि अपत्य त्याच प्रांतातील असेल तर भेटही तेथेच होई. त्या शहरातील लिऊरोंग विहारात भिक्खूंकडून बालकाप्रीत्यर्थ मंगलकामना करवून घेण्याचा प्रघात या कुटुंबांत रूढ झाला होता.

या विहाराची स्थापना इ. स. 537 मधील. इ. स. 1097 मध्ये पुन्हा उभारलेला त्याचा पॅगोडा बाहेरून नऊ मजल्यांचा दिसतो, आत मात्र सतरा मजले आहेत. इ. स. 1100 मध्ये हद्दपारीतून परतणारा कवी सू दोंगपो येथे आला. आवारातील सहा वटवृक्ष पाहून त्याने 'लिऊ रोंग', म्हणजे 'सहा वट', ही अक्षरे लिहिली. पुढे तेच नाव रूढ झाले.

परंतु आमच्या दृष्टीने येथील सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे इ. स. 989 मध्ये ओतलेली हुइनेंग याची कांस्यमूर्ती. परंपरेनुसार हुइनेंग (638–713) हा लहानपणीच पितृछत्र हरपलेला, सरपण विकून आईला पोसणारा, निरक्षर दाक्षिणात्य तरुण. उत्तरेकडील लोक दक्षिणेच्या लोकांना रानटी समजत. तरीही पाचव्या आचार्यांनी विद्वान शिष्यांना बाजूस सारून आपले चीवर याच तरुणाला दिले आणि तो ध्यान संप्रदायाचा सहावा आचार्य झाला. धम्माचा वारसा रक्ताने जात नाही, हे या मूर्तीइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल. 

येथे पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला जीवकाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. महावग्गातील चीवरक्खन्धकाच्या आरंभी त्याची कथा येते. राजगृहाची गणिका सालवती हिने आपला नवजात पुत्र दासीकरवी जुन्या सुपात घालून उकिरड्यावर टाकविला. पहाटे राजदर्शनास निघालेल्या अभय राजकुमाराला कावळ्यांचा घोळका दिसला. बालक जिवंत आहे असे कळताच त्याने ते अंतःपुरात नेऊन दायांच्या स्वाधीन केले. जिवंत म्हणून नाव 'जीवक'. कुमाराने पोसविला म्हणून 'कोमारभच्च'. हाच पुढे तक्षशिलेस सात वर्षे वैद्यक शिकला आणि तथागतांचा व संघाचा वैद्य झाला. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात जीवकाच्या धम्मदीक्षेला स्थान दिले, हे वाचकांना ठाऊक आहेच.

जाणता झाल्यावर जीवकाने अभयाला विचारले, की माझी आई कोण व बाप कोण? अभयाने काहीही लपविले नाही. आई आपल्याला माहीत नाही, परंतु पालनपोषण आपण केले, म्हणून पिता आपणच, असे त्याने सांगितले. या उत्तराचा उत्तरार्ध आपण नेहमी गौरवितो. पूर्वार्ध मात्र विसरतो.

गणिकांची परंपरा मुलींमुळे चाले, म्हणून त्या मुलगे वाढवीत नसत, असे धम्मपद-अट्ठकथा घोषकाच्या कथेत सांगते. चीनमध्ये सक्तीच्या एकापत्य धोरणामुळे (1980–2015) आणि मुलाच्या हव्यासामुळे मुली टाकल्या गेल्या. उकिरड्यावर कोणाला टाकायचे, हे मातेचे हृदय ठरवीत नाही. भोवतालची व्यवस्था ठरविते. शिवाय सर्वच मुले टाकलेली नव्हती. 2005 मध्ये हुनान प्रांतात अनाथालयांना अर्भके विकणारी टोळी उघडकीस आली व 2006 मध्ये तिच्यातील अपराध्यांना शिक्षा झाल्या.

मंगलकामनेने मुलाचे भवितव्य पालटते असे आम्ही मानत नाही. तिचे मोल करणाऱ्याच्या चित्तात असते. परंतु मेत्तेला सीमा नसते, असे आपण म्हणतो. मग लिऊरोंगमध्ये बालकाला कडेवर घेऊन हात जोडणाऱ्या पालकांच्या मेत्तेत ती अनाम आईही यावयास हवी होती. ज्यांच्या चित्तात ती आली असेल, त्यांनाच मूल मोठे होऊन जीवकाचा प्रश्न विचारील तेव्हा अभयासारखे खरे उत्तर देता येईल. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणाऱ्या व्यवस्थेतून बाहेर पडलेल्या आपणांस जन्म गौण आहे हे सांगणे सोपे जाते. परंतु जन्म गौण मानणे म्हणजे जन्मदात्रीचे दुःख गौण मानणे नव्हे. उकिरड्यापासून सुरू झालेली कथा विनयकारांनी सालवतीचे नाव न गाळता जतन केली, याचा बोध आम्ही असाच घेतो.