रेडिओथेरपीतील थकवा आणि रोजची हालचाल

थकवा हा रेडिओथेरपीचा सर्रास आढळणारा दुष्परिणाम आहे. उपचार बहुधा आठवड्यातून ५ दिवस, काही आठवडे चालतात. थकवा साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून जाणवतो, शेवटाकडे वाढतो आणि उपचार संपल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो. थकवा वाढला म्हणजे आजार बळावला, असे नाही. त्यामुळे उपचाराचा दिवस चुकवू नये.

करंजाहून खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात ये-जा करणाऱ्या रुग्णाला प्रवासाचाही शीण येतो. परतल्यावर अर्धा तास पडावे; दिवसभर झोपल्यास रात्रीची झोप बिघडते आणि स्नायू दुबळे होतात. ऊन उतरल्यावर १० मिनिटे सपाट रस्त्यावर चालावे, झेपेल तसे ३० मिनिटांपर्यंत वाढवावे. पाणी भरणे, बाजारहाट घरच्यांनी वाटून घ्यावी; भाजी निवडण्यासारखी कामे रुग्णाने बसून करावीत.

हिमोग्लोबिन कमी असणे, अपुरे जेवण, वेदना व चिंता यांनीही थकवा वाढतो. यांवर उपाय असतात, म्हणून डॉक्टरांना सांगावे. कर्करोग हाडांत पसरला असल्यास व्यायामापूर्वी विचारावे. धाप लागणे, छातीत दुखणे, चक्कर किंवा ताप आल्यास लगेच रुग्णालयाशी संपर्क साधावा.