परका खिमा, आपला बटाटा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी मुलगी पुण्याहून घरी आली, आणि आल्या आल्या तिने जाहीर केले की, आज रात्री मेक्सिकोतला एक पदार्थ व्हायचा आहे. नाव ‘पिकादियो’. आता ह्यासाठी कुठले परदेशी डबे आणायचे, अशी मला धास्तीच पडली! पण यादी निघाली ती अशी : अर्धा किलो बकऱ्याचा खिमा, तीन बटाटे, दोन कांदे, लसूण, टोमॅटो, मिरच्या आणि जिरे. म्हणजे सावंतवाडीच्या बाजारात अर्ध्या तासात पिशवी भरली.

तिकडे ह्यात गाईचे किंवा डुकराचे मांस असते. कृती साधी. कांदा-लसूण परतून खिमा मोकळा भाजायचा, टोमॅटो-मिरचीचे वाटण घालायचे, बटाट्याचे लहान चौकोनी तुकडे टाकायचे आणि झाकण ठेवून मंद आंचेवर शिजू द्यायचे. माझ्या काकीने पहिला घास घेऊन निकाल दिला, “ह्यो खिमोच मरे! नाव तेवढा नवा.”

वाचकहो, काकी इतिहास शिकलेली नाही, पण बोलली ते खरे. ‘पिकादियो’ हे नाव बारीक चिरणे ह्या अर्थाच्या स्पॅनिश क्रियापदावरून आले. आणि आपला ‘खिमा’ मुळात ज्या तुर्की शब्दातून आला, त्याचाही अर्थ तोच.

जिन्नसांचा हिशेब मात्र गमतीचा आहे. १५२१ मध्ये स्पॅनिश फौजेने अझ्टेकांची राजधानी घेतली. त्या अमलाबरोबर गाई, डुकरे, शेळ्यामेंढ्या, कांदा, लसूण, जिरे हे सारे मेक्सिकोत शिरले. टोमॅटो आणि मिरची तेवढी त्यांची घरची. बटाटा तिथेही पाहुणाच. तो दक्षिणेकडच्या अँडीज पर्वतातला. ‘बटाटा’ हा शब्द तर कॅरिबियन बेटांवरचा, आणि तिथे त्याचा अर्थ रताळे! पोर्तुगीजांच्या तोंडून तो आपल्याकडे आला. मेक्सिकोत बटाट्याला ‘पापा’ म्हणतात.

मिरचीला आपल्या लोकांनी नाव दिले ‘मिरसांग’, म्हणजे मिऱ्याची शेंग. नवे फळ हाती आले, तेव्हा जुन्या ओळखीच्या तिखटाची खूण त्याला लावली. मिरी ह्याच किनाऱ्याची, आणि तिच्याच लोभाने तर हे दर्यावर्दी इकडे आले होते. पुढे मिरचीने मिऱ्याला आमटीतून जवळजवळ हुसकावून लावले. बटाटा ताटात रुळायला मात्र वेळ लागला. त्याची लागवड फोफावली ती इंग्रजी अमलात.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. कोकणचे जेवण हजारो वर्षे जसेच्या तसे चालत आले, असे मी वर्गात बेधडक सांगत असे. आणि तास संपला की डब्यातली बटाट्याची भाजी खात असे! हे न दिसण्याचे कारण आळस एवढेच नव्हे. ज्या पोर्तुगीजांशी सावंतवाडीच्या भोसल्यांचे पिढ्यान् पिढ्या वैर, ज्यांच्या पदरात १७८८ मध्ये पेडणे टाकावे लागले, ज्यांच्या धर्मन्यायालयाच्या जाचाने कित्येक कुटुंबे गोव्यातून बाहेर पडली, त्यांच्या गलबतांतून आपली फोडणी आली हे म्हणायला जीभ रेटत नाही. पण जाच खरा तशी मिरचीही खरी, आणि इतिहास सांगणाऱ्याने दोन्ही सांगितली पाहिजेत. पोर्तुगीजांनी मिरची आणली. मिरसांग ती इथल्या बायांनी केली.

मी हे सारे जेवताना सांगितले. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो आणि शेंगदाणा, हे दोघेही दक्षिण अमेरिकेचे, हेही सांगितले. काकीने ऐकून घेतले. पिशवीत दोन बटाटे उरले होते, ते तिने उचलून कार्तिकी एकादशीच्या फराळासाठी बाजूला ठेवले.