सालारजंगांचा संग्रह कोणाचा?

बेला हे आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरचे गाव. तेथे मराठी बोलली जाते. जवळूनच पैनगंगा वाहते आणि नदीपलीकडे महाराष्ट्राची हद्द लागते. १९४८ साली निजामी राजवट संपली. १९५६ साली हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा व किनवट हे तालुके मराठी मुलखास जोडले गेले आणि बेल्याचा समावेश आंध्र प्रदेशात झाला. पुढे २०१४ साली तेलंगण राज्य अस्तित्वात आले. राज्यांची नावे अशी पालटली, तरी बेल्याची राजधानी हैदराबादच राहिली. त्या राजधानीत मुसी नदीच्या दक्षिण तीरावर सालारजंग संग्रहालय उभे आहे. ते कोणाचे, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. वस्तुतः त्याचे उत्तर शोधू गेल्यास दख्खनचा शंभर वर्षांचा इतिहास चाळावा लागतो.

पहिले सालारजंग, म्हणजे मीर तुराब अली खान, १८५३ साली वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी निजामाचे दिवाण झाले. त्याच वर्षी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली करण्यात आला होता. तो परत मिळावा, हा या कर्त्या दिवाणाचा आयुष्यभराचा ध्यास होता. १८७६ साली ते विलायतेस गेले, तेव्हाही ही आशा त्यांच्या मनात होती. वऱ्हाड काही मिळाला नाही आणि पैनगंगा निजाम व इंग्रज यांच्या मुलखांमधील सीमाच राहिली. परंतु त्याच प्रवासात रोम येथे त्यांनी एक संगमरवरी पुतळा खरेदी केला. जोव्हान्नी मारिया बेंझोनी या शिल्पकाराने घडविलेली ही अवगुंठिता रिबेका आज संग्रहालयाचे भूषण मानली जाते.

रिबेकेची कथा बायबलच्या जुन्या करारात, उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात आली आहे. अब्राहामाचा वृद्ध सेवक धन्याच्या मुलासाठी वधू शोधण्यास दूरदेशी जातो. विहिरीवर पाणी भरणारी एक मुलगी त्याला पाणी पाजते आणि न सांगता त्याच्या उंटांनाही पाजते. तीच रिबेका. सासरच्या वाटेवर तिला दुरून भावी पती इसहाक दिसतो. ती उंटावरून खाली उतरते व मुखावर आच्छादन ओढून घेते. बेंझोनीने नेमका हाच क्षण निवडला. कठीण पाषाणात त्याने असा झिरझिरीत पडदा कोरला आहे, की त्यातून नाक, ओठ व खाली झुकलेली दृष्टी स्पष्ट दिसावी. बायबल न वाचलेल्या मराठी स्त्रीलाही डोक्यावर पदर सावरणारी ही नववधू परकी वाटणार नाही. बेंझोनीने हे शिल्प एकाहून अधिक वेळा घडविले होते. त्याच्या प्रती अमेरिकेतील संग्रहालयांतही आहेत.

संग्रहाचा खरा विस्तार केला तो नातवाने. तिसरे सालारजंग, मीर युसूफ अली खान, यांचा जन्म १३ जून १८८९ रोजी पुण्यास झाला आणि महिना पुरा होण्यापूर्वीच त्यांचे पितृछत्र हरपले. १९१२ साली त्यांना दिवाणपद मिळाले. १९१४ साली त्यांनी ते सोडले. त्यानंतरची पस्तीस वर्षे या अविवाहित सरदाराने कलावस्तू व ग्रंथ जमविण्यात घालविली. युरोपातील तैलचित्रे, चीन व जपान येथील चिनी मातीची भांडी, इराणी गालिचे, बिदरी काम, हस्तिदंत, शस्त्रे, हस्तलिखिते अशा नाना वस्तूंनी त्यांची दिवाण देवडी भरून गेली.

हा पैसा आला कोठून? सालारजंगांच्या विस्तीर्ण जहागिरीचा महसूल हा त्याचा मुख्य उगम होता. ही जहागीर संस्थानाच्या निरनिराळ्या भागांत पसरलेली होती. कानडी मुलखातील कोप्पळ तिच्यात होते आणि मराठवाड्यातील अजिंठा गावही होते. जगप्रसिद्ध लेण्यांच्या शेजारी कापूस आणि ज्वारी पिकविणाऱ्या कुणब्याच्या साऱ्याचा काही अंश फ्रान्सच्या काचसामानात आणि विलायतेच्या घड्याळात रूपांतरित झाला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. संग्राहकाची रसिकता थोर होती यात संशय नाही. परंतु तिची किंमत मोजणारे हात वेगळे होते.

२ मार्च १९४९ रोजी तिसरे सालारजंग वारले. त्यांना अपत्य नव्हते. संस्थान विलीन होऊन सहा महिनेही झाले नव्हते आणि त्याच वर्षी जहागिऱ्याही रद्द झाल्या. अशा वेळी वारसांचे दावे, वाटण्या आणि लिलाव यांत हा सारा संग्रह विखुरला गेला असता, तर कोणास नवल वाटले नसते. हैदराबादचा कारभार पाहणारे एम. के. वेल्लोडी यांनी संग्रहालयाची कल्पना पुढे आणली; कलासमीक्षक डॉ. जेम्स कझिन्स यांनी वस्तूंची मांडणी केली. आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीतच ते लोकांसाठी खुले झाले. १९५८ साली न्यायालयामार्फत वारसांशी तडजोड झाली. १९६१ साली संसदेने कायदा करून त्यास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरविले. १९६८ साली संग्रह मुसीकाठच्या नव्या वास्तूत आला. जहागिरीची जमीन तीन राज्यांत वाटली गेली; तिच्या उत्पन्नातून जमलेला संग्रह मात्र कायद्याच्या आधाराने अखंड राहिला. २०१४ साली पुन्हा राज्य विभागले, तेव्हाही त्याची वाटणी झाली नाही.

आज या संग्रहात सुमारे ४६ हजार कलावस्तू, ८ हजारांवर हस्तलिखिते आणि ६० हजारांवर छापील ग्रंथ आहेत. प्रेक्षकांची गर्दी मात्र ठराविक ठिकाणी होते. कुक अँड केल्व्ही कंपनीच्या घड्याळातून दर तासाला एक दाढीवाला बाहुला बाहेर येऊन टोले देतो, ते पाहण्यास लोक आधीपासून जागा धरून बसतात. एका बाजूने मेफिस्टोफिलिस व दुसऱ्या बाजूने मार्गारेटा दाखविणारी लाकडी जोडमूर्ती आरशात न्याहाळली जाते. नूरजहानची जेडची सुरी आणि शहाजहानची तिरंदाजीची अंगठी यांपाशीही क्षणभर पावले थांबतात. हस्तलिखितांकडे वळणारे थोडे.

येथेच आजचे प्रश्न उभे राहतात. संग्रहाचा मोठा भाग कोठारात आहे. केंद्र सरकारने संग्रहालयांसाठी उघडलेल्या संगणकीय दालनात या संग्रहातील वस्तूंची छायाचित्रे घरबसल्या पाहता येतात, ही सोय चांगली आहे. तथापि वस्तूपुढे उभे राहण्याची सर तिला नाही. आळीपाळीने कोठारातील वस्तू बाहेर काढून एकेका विषयावर प्रदर्शने भरविणे हाच यावर उपाय दिसतो. दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. दिवाणाच्या आवडीने जमलेल्या संग्रहात रोम आणि पॅरिस यांस मानाचे स्थान मिळणे स्वाभाविकच होते. परंतु आदिलाबादच्याच परिसरात ओझा कारागीर मेणाच्या साच्यातून पितळेच्या सुबक मूर्ती ओततात. २०१८ साली या ढोकरा कामास भौगोलिक मानांकनही मिळाले. बेंझोनीच्या संगमरवराजवळ या पितळेस जागा मिळाली, तर संग्रहाची शोभा उणावणार नाही. उलट ज्यांच्या श्रमातून तो उभा राहिला, त्यांची त्यात प्रथमच ओळख पटेल.

बेल्याहून हैदराबाद तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. सहलीच्या निमित्ताने का होईना, या भागातील शाळांनी आपली मुले एकदा तेथे न्यावीत. घड्याळाचे टोले ऐकून झाल्यावर त्यांना अजिंठ्याच्या जहागिरीची, वऱ्हाडच्या फसलेल्या मागणीची आणि १९६१ च्या कायद्याची हकीकतही सांगावी. म्हणजे हा संग्रह कोणाचा, याचे उत्तर त्यांचे त्यांनाच देता येईल.