बेटावरची रात्रशाळा



मताचा हक्क आपल्याला स्वातंत्र्याबरोबर आयता मिळाला, म्हणून त्याची किंमत आपल्याला कळत नाही, असे सभांतून नेहमी ऐकू येते. मला ते फारसे पटत नाही. १९३५ च्या कायद्याखाली आपल्याकडेही मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांपैकी काहीतरी पदरी असल्यावाचून मतदारयादीत सहसा नाव लागत नसे. ती अट आपल्या घटनाकारांनी काढून टाकली आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत अंगठा उठवणाऱ्या माणसालाही पदवीधराइतकेच एक मत मिळाले. लोकशाहीचे माहेरघर म्हणविणाऱ्या अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याच सुमारास लाखो कृष्णवर्णीय प्रौढांना मत नव्हते, आणि त्याचे एक कारण सांगितले जाई ते निरक्षरतेचे. तिथल्या एका बेटावरच्या शेतकऱ्यांनी आणि मोलकरणींनी या कारणाचे काय केले, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

जॉन्स आयलंड हे साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टन शहराजवळचे बेट. मळ्यांवर राबण्यासाठी आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांचे वंशज तेथे राहात. त्यांची बोली निराळी, बाहेरच्याला चटकन न उमगणारी. काही शेतीवर राबत. बाकीचे रोज शहरात जाऊन कारखान्यात मजुरी किंवा गोऱ्यांच्या घरी घरकाम करीत. १८९५ च्या राज्यघटनेने तेथे अट घालून ठेवली होती, की मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर अधिकारी दाखवील ते घटनेतले कलम वाचून आणि लिहून दाखवावे. नाहीतर तीनशे डॉलरांच्या मालमत्तेवर कर भरलेला असावा. कागदावर अट काळ्यागोऱ्यांना सारखीच. परंतु परीक्षक गोरा, आणि पास-नापास त्याच्या मर्जीवर. कायद्याचे शब्द समान आणि अंमल विषम, ही गोष्ट कामगार चळवळीतल्या माणसाला नवी नाही.

या बेटावर ईसो जेन्किन्स नावाचे गृहस्थ शेती करीत आणि एक बस चालवीत. सकाळी बेटावरची माणसे शहरात कामाला न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची. त्यांच्या उतारूंत अ‍ॅलिस वाइन नावाची एक बाई होती. तिने जेन्किन्सना सांगितले, मला वाचता येत नाही, पण मला मत द्यायचे आहे. तुम्ही मला ते कलम शिकवा. जेन्किन्सनी बसमध्येच शिकवणी सुरू केली. बाईने कलम तोंडपाठ केले, कचेरीत जाऊन म्हणून दाखवले आणि मतदार झाली. मत मिळाले, पण वाचायला येईना. आणि तिला तर वाचायलाही शिकायचे होते. पाठांतराने एका बाईचे काम भागले, साऱ्या बेटाचे कसे भागावे, हा प्रश्न जेन्किन्सना पडला.

त्याचे उत्तर ज्या संस्थेतून आले ती मुळात कामगारांची शाळा होती, म्हणून मला तिच्याविषयी अंमळ जास्त बोलू द्या. १९३२ साली टेनेसी राज्यात मंटीगलजवळच्या डोंगरात माइल्स हॉर्टन आणि डॉन वेस्ट या दोघा तरुणांनी 'हायलँडर फोक स्कूल' काढले. हॉर्टन त्याआधी डेन्मार्कला जाऊन तेथील लोकविद्यालये पाहून आले होते. ग्रुंटव्हिग या धर्मोपदेशकाच्या विचारातून १८४४ पासून सुरू झालेल्या त्या विद्यालयांत शेतकऱ्यांची प्रौढ मुले एकत्र राहात, बोलत, गात, परीक्षा नसे. हॉर्टननी तोच प्रकार खाणकामगार आणि गिरणीकामगार यांच्यासाठी आरंभला. पहिल्याच वर्षी ते कोळसाखाणीतला संप पाहायला गेले आणि त्यांना अटक झाली. ते पुढे गमतीने सांगत, की आपल्यावरचा आरोप असा होता: हा इसम येथे येऊन माहिती गोळा करतो आणि परत जाऊन ती शिकवतो! पुढे युनियनचे अनेक कार्यकर्ते या शाळेत तयार झाले. चार्ल्स्टनच्या तंबाखू कारखान्यातल्या संपकरी स्त्रियांनी १९४५-४६ साली गाइलेले एक जुने भजन हॉर्टन यांच्या पत्नी झिल्फिया यांनी याच शाळेत उचलले. तेच पुढे नागरी हक्कांच्या लढ्याचे गीत झाले, आणि त्याचे हिंदी रूप आपल्या शाळांतील मुले आजही म्हणतात. असो.

जेन्किन्सना १९५४ साली या शाळेत नेले ते सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेने. क्लार्कबाईंचे वडील गुलाम म्हणून जन्मले होते. चार्ल्स्टनच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय शिक्षिकांना नोकरी नव्हती, म्हणून १९१६ साली त्या अठराव्या वर्षी याच बेटावर शिकवायला आल्या होत्या. १९५६ साली राज्याने कायदा केला, की कृष्णवर्णीयांच्या हक्कासाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचा सभासद सरकारी चाकरीत राहू शकत नाही. बाईंनी सभासदत्व लपवले नाही. सुमारे चाळीस वर्षांची नोकरी गेली, निवृत्तिवेतनही गेले. हॉर्टननी त्यांना हायलँडरमध्ये बोलावून घेतले.

बेटावर प्रौढांचे वर्ग यापूर्वीही निघाले होते आणि बंद पडले होते. हॉर्टननी त्याची चौकशी केली तेव्हा कळले, की बाप्यांना लहान मुलांच्या बाकांवर बसवले जाई, गुडघे छातीला लागत, आणि पोरे हसत. शिकायची इच्छा नव्हती असे नव्हे. अपमान सोसायची तयारी नव्हती. आता नव्या वर्गाला जागा मागितली तर शाळेचा मुख्याध्यापक घाबरला, धर्मोपदेशकही कचरला. शेवटी हायलँडरकडून पंधराशे डॉलर उसने घेऊन एक जुनी इमारत विकत घेतली. पुढे सहकारी दुकान आणि मागे दोन खोल्या. दुकान पुढे ठेवण्यात हेतू होता: गोऱ्यांच्या नजरेला सामान घ्यायला आलेली माणसे दिसावीत.

आणि शिक्षिका कोण? क्लार्कबाईंची नात्यातली बहीण बर्निस रॉबिन्सन. धंदा बायकांचे केस सजविण्याचा आणि शिवणकामाचा. त्यांनी आढेवेढे घेतले, मी कधी शिकवलेले नाही म्हणाल्या. हॉर्टन आणि क्लार्कबाई यांना नेमके तेच हवे होते. शिकवण्याची सवय झालेला माणूस प्रौढांपुढेही मास्तरच होऊन उभा राहतो, अशी त्यांची भीती होती. माझ्या मते त्या निवडीत आणखी एक शहाणपण होते. रॉबिन्सनबाईंची गिऱ्हाइके कृष्णवर्णीय होती. त्यांची भाकर कोणा गोऱ्या मालकाच्या हातात नव्हती. सरकारी शाळेतल्या मास्तरला एका चिठ्ठीने घरी बसवता येत होते, क्लार्कबाईंना बसवलेच होते. केस विंचरणारीला कोण बडतर्फ करणार? लोकशिक्षणाचा विचार करणारे अभ्यासक्रमाविषयी पुष्कळ लिहितात. शिकवणाऱ्याची चूल कोणाच्या सरपणावर पेटते, हे विचारीत नाहीत.

७ जानेवारी १९५७ ला वर्ग सुरू झाला, कारण हिवाळ्यात शेतीची कामे थोडी असतात. १४ प्रौढ आले. पहिल्या दिवशी रॉबिन्सनबाई मुलांची क्रमिक पुस्तके घेऊन गेल्या आणि त्यांच्या लगेच ध्यानात आले, की हे येथे चालायचे नाही. हीच चूक मी स्वतः केलेली आहे. आमच्या युनियनच्या कचेरीत संध्याकाळचा वर्ग काढला तेव्हा मी शाळेतून पहिलीची पुस्तके मागून आणली. पंधरवड्यात वर्ग ओस पडला. पुढे एक कामगार प्रॉव्हिडंट फंडाचा कागद घेऊन आला, यात माझे किती ते मलाच वाचता आले पाहिजे म्हणाला, तेव्हा कोठे मला पुस्तक सापडले. रॉबिन्सनबाईंना माझ्यासारखा वेळ लागला नाही. त्यांनी पुस्तके बाजूला ठेवली आणि विचारले, तुम्हांला काय शिकायचे आहे? कोणाला स्वतःचे नाव लिहायचे होते, कोणाला बायबल वाचायचे होते, कोणाला दूर गेलेल्या मुलाचे पत्र. कोणाला मनिऑर्डरचा आणि टपालाने माल मागविण्याचा फॉर्म भरायचा होता. मतदार म्हणून नाव नोंदवायचे होतेच. नाव पुठ्ठ्यावर ठळक लिहून द्यायचे आणि त्यावरून पेन्सिल फिरवून हाताला वळण लावायचे, ही क्लार्कबाईंची रीत होती. भिंतीवर संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला होता. वर्ग संपेपर्यंत तो वाचता आला पाहिजे, असे रॉबिन्सनबाईंनी ठरवले होते.

पण हा वर्ग साक्षरतेवर थांबला असता तर मी आज त्याविषयी बोललो नसतो. हायलँडरने या वर्गांसाठी जी पुस्तिका काढली तिच्यात नोंदणीचा कायदा होता तसे कर, सामाजिक विमा, राजकीय पक्ष आणि परगण्याचे शाळामंडळ यांचेही धडे होते. शाळामंडळात कोण बसतो, पैसा कोठून येतो, बेटाच्या वाट्याला काय येते, याची चर्चा वाचता वाचता होई. जेन्किन्स स्वतः एकदा शाळेच्या विश्वस्तपदासाठी उभे राहिले होते. यश येणार नाही हे त्यांना माहीत होते. आपल्यातला माणूस उभा राहू शकतो हे बेटाला दिसावे, एवढाच हेतू. वर्गातल्या माणसांनी नावे नोंदवली आणि पाठोपाठ वॉडमलॉ, एडिस्टो या शेजारच्या बेटांनी वर्ग मागितले.

सत्तेला हे रुचणे शक्य नव्हते. १९५९ च्या जुलैत टेनेसीत हायलँडरवर पोलिसांची धाड पडली. क्लार्कबाईंना मद्य बाळगल्याच्या आरोपावरून धरून नेले; बाई दारूला शिवत नसत. खटला चालला, १९६१ साली शाळेची सनद रद्द झाली आणि मालमत्तेचा लिलाव झाला. तथापि वर्ग त्याआधीच मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे सोपवले गेले होते. जॉर्जियातील डॉर्चेस्टर येथे न्हावी, शिंपिणी, शेतकरी, मोलकरणी येत, आठवडाभर शिकत आणि गावी जाऊन स्वयंपाकघरात किंवा चर्चच्या मागल्या खोलीत वर्ग काढीत. हे काम बिनधोक नव्हते. मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावर राबलेल्या फॅनी लू हेमर १९६३ च्या जूनमध्ये चार्ल्स्टनच्या शिबिराहून परतत असता त्यांना वाटेत विनोना गावी पकडून तुरुंगात बेदम मारण्यात आले. ती दुखणी त्यांना जन्मभर पुरली.

१९६५ च्या मतदान हक्क कायद्याने दक्षिणेतल्या साक्षरता-परीक्षा थांबल्या. त्याचे श्रेय मोर्च्यांना, रक्त सांडलेल्यांना आणि कायदा करणाऱ्यांना आहे. मी ते रात्रवर्गांना देत नाही. परंतु कायद्याने दार उघडल्यावर आत जाऊन बसायला आणि समोरचा कागद वाचून प्रश्न विचारायला माणसे लागतात. ती आठ वर्षे आधीपासून दुकानामागच्या खोल्यांत तयार होत होती. क्लार्कबाईंची एक तक्रारही येथे सांगितली पाहिजे: किंग यांच्या संघटनेच्या कार्यकारिणीत त्या होत्या, पण तेथील पुरुष बायकांचे म्हणणे मनावर घेत नसत, हे त्यांनी पुढे स्पष्टपणे लिहून ठेवले. आमच्या युनियनच्या बैठकांचे वृत्तांत काढले तर तेथेही हेच सापडेल.

जेन्किन्स १९७२ साली वारले. १९७५ मध्ये क्लार्कबाई सत्त्याहत्तराव्या वर्षी चार्ल्स्टनच्या शाळामंडळावर निवडून आल्या. पुढच्या वर्षी राज्यपालांनी त्यांना अन्यायाने काढल्याचे मान्य करून निवृत्तिवेतन चालू केले. त्या वेळी त्या शाळामंडळाच्या बैठकांना जात होत्या.