मानवी संशोधनाची नीती ठरवायची कोणी?

अमेरिकेतील हेस्टिंग्ज सेंटरने 1979 मध्ये 'आयआरबी: एथिक्स अँड ह्यूमन रिसर्च' हे नियतकालिक सुरू केले. आयआरबी म्हणजे माणसांवरील संशोधन तपासून त्याला परवानगी देणारी समिती. 2019 मध्ये नियतकालिक नव्याने निघाले, तेव्हा नावातून ही समिती वगळली गेली. आम्हाला हा बदल योग्य वाटतो.

टस्कीगी आठवा. 1932 पासून अलाबामातील सुमारे 600 गरीब काळ्या पुरुषांवर सरकारी आरोग्य खात्याने 'अभ्यास' चालवला. त्यातल्या 399 जणांना सिफिलिस होता. त्यांना आजाराचे नावही सांगितले नाही, आणि पुढे पेनिसिलिन आले तेही दिले नाही. हे सारे चोरून चालले होते असे कोणी समजू नये! 1936 पासून वैद्यकीय नियतकालिकांत त्याचे अहवाल छापून येत होते. डॉक्टर मंडळी ते वाचत होती. 1969 मध्ये तर तज्ज्ञांची समितीच बसली आणि म्हणाली, अभ्यास चालू ठेवा. ज्यांच्या अंगावर प्रयोग चालला होता, त्यांना कोण विचारणार?

पीटर बक्स्टन यांनी पत्रकारांना माहिती दिली, 1972 मध्ये बातमी छापली गेली, तेव्हा कुठे तो थांबला. संशोधनावर समित्या बसवणारा कायदा त्यानंतर, 1974 चा.

म्हणून आमचे म्हणणे आहे की, या नियतकालिकात प्राध्यापकांबरोबर ज्यांच्यावर संशोधन होते त्यांचेही लेख आले पाहिजेत.